सहावी सॅक

“पट्टे आखूड केलेत हिनं,” पाठीवर सॅक चढवून बघत शरच्चंद्र खांदे आवळून कुरकुरला. हिमालयातल्या उंच तळ्यांवर मेअखेरीस जायचा बेत मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिजत होता. त्याला धरून ऑफिसातले पाच जण, आणि बायकोनं, वसुधानं, मशीनवर शिवलेल्या सॅक मात्र सहा! पाच ज्याच्या त्याच्या मापाच्या; ही उरलेली कुणालाच होईना. त्यानं माणसं पुन्हा मोजली. घोळ काही सुटेना. पाचांतलीच मैत्रीण अनुपमा, तिनंही ती पाठीला लावून पाहिली; तिलाही होईना. वसुधा मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली.

“अगं, ही कुणाच्या मापाची?” त्यानं वसुधाला विचारलं.

कोपऱ्यात लसूण सोलणारी त्याची आई म्हणाली, “तिच्याच. माप मीच घेतलं, रे बाबा. पंधरा दिवस पोरांचं मी बघते, तिला ने.”