काट्याचा मीटर

नवऱ्याच्या मोडीत निघालेल्या स्कूटरचा काट्याचा मीटर अनसूयाबाईंनी हौसेने आपल्या नव्या मोपेडला बसवून घेतला. चाकापासून केबल आली आणि काचेमागचा काटा पूर्वीसारखाच थरथरू लागला.

मिरजेच्या रस्त्यावर त्यांनी मूठ पिळली. मोपेडच्या स्क्रीनवर चाळीस उमटले, पण काटा वीसवरच अडला.

"मृणाल, हा मीटर बिघडला गं," घरी येऊन त्या सुनेला म्हणाल्या.

मृणाल चाचरली. "मीटर बरोबर आहे, आई. हाताचा कंप वाढला की गाडीला मुठीतून कळतं आणि इंजिन वेग कमी करतं. स्क्रीन मात्र आकडा पूर्वीचाच दाखवतो. चालवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हल्ली सगळ्याच गाड्यांना ती सोय असते."

"माझी गाडी कधीपासून असं करते?"

"दिवाळीपासून."

"आणि तरी रोज 'हळू चालवा हं' म्हणतेस! लबाड!"

मृणालला हसावं की रडावं कळेना. अनसूयाबाई अंगणातल्या मोपेडकडे वळल्या.

"मी स्कूटरवर मागे बसून घाबरले की हे याच काट्याकडे बोट दाखवायचे. म्हणायचे, बघ, वीसच आहे. मला ते खरं वाटायचं, कारण ते खरंच असायचं."

त्यांनी चिकटपट्टी आणली आणि स्क्रीन झाकून टाकला.

"वीस तर वीस. पण माझे वीस मला दिसू देत."