कंदीलवाल्याचं कार्ड

"आधी कार्ड, मग ताट," म्हणत सासूबाईंनी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात.

सुनेनं मोबाइल उघडला, नाव टाकलं. कार्ड समोर आलं.

"जीव वीसपैकी चौदा. खांद्याची जखम भरत आलीय. पिशवीत दोर आणि अर्धा पाव. मुक्काम, डोंगरापलीकडची सराय."

"अर्धा पाव? पातेलं पुसून खाणारं पोर ते, अर्ध्या पावानं त्याचा दातही ओला व्हायचा नाही." सासूबाईंनी झाकण काढलं. "बरं, हिंडतोय ना? हिंडू दे. तू ताट पुढं कर." सुनेच्या ताटात दोन डाव भात पडला. "आता टोचत बसू नकोस चिमणीसारखी."

कंदीलवाला म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक लेक. म्हणजे लेकाचं सोंग. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकेकानं एकेक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे नि गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. कुणाला किती लागलं, कुणाच्या पिशवीत काय उरलं, हे बघायला त्यांच्यातल्या चष्मेवाल्यानं एक ॲप केलं होतं. नाव टाका, कार्ड बघा. नियम एकच. माणूस मारायचा असो की मेलेला उठवायचा, कारण लिहिल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही.

सासूबाईंच्या लेखी हा रिकामटेकड्यांचा उद्योग. "घोड्याएवढा झालास आणि कागदावरचे राक्षस मारतोस?" असं त्या एकदा चारचौघांत म्हणाल्या. लेक उलटून बोलला आणि त्याच आठवड्यात जहाजावरच्या नोकरीला निघून गेला. तिथून तो बायकोला फोन करी, मित्रांशी खेळे. आईशी बोलणं नाही. आईही हटून बसली. "मी त्याची आई आहे, तो माझा बाप नाही. फोन करेल तेव्हा बोलेन." तीन इयत्ता शिकलेल्या बाईचा ताठा, मोडेल पण वाकणार नाही.

पण रोज संध्याकाळी सुनेला हाक ठरलेली. "बघ गं, आमचा दिवटा काय करतोय. माझ्या डोळ्यांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत." कार्ड बदललं म्हणजे लेक धड आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

चार महिन्यांपूर्वी जहाजाच्या कचेरीतून फोन आला. इंजिनाच्या खोलीत आग लागली, त्यात तो गेला. देह समुद्रालाच दिला.

सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. छातीवर टाके, उशाशी वेळ घालवायला लेकाचा जुना टॅब. "यांना धक्का बसता कामा नये," डॉक्टरांनी बजावलं होतं. सुनेनं ओठ शिवून घेतले. मित्रांनी कार्डाखाली रडून रडून काहीबाही लिहिलं होतं, ते चष्मेवाल्यानं दुसऱ्या दिवशी पुसलं आणि कार्ड तिच्या हवाली केलं.

आठ दिवसांनी सासूबाई घरी आल्या. दारातूनच ओरडल्या, "कार्ड बघ गं!"

तेव्हापासून शिवणाच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की सून त्याला जिवंत ठेवायची. कारणं लिहायची. झऱ्याचं पाणी प्यायला. एका म्हातारीनं जखम बांधली. ऊन पडलं. तिचा स्वतःचा डबा न उघडताच घरी यायचा, पण त्याच्या पिशवीत पाव टाकायला ती कधी विसरली नाही.

अर्ध्या पावाच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आला. उंबऱ्यातच घुटमळला.

"वहिनी, आमचं टेबल मोडलं. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर कुणाला बसवत नाही. रविवारी ॲप बंद करतोय. आईंना आता सांगायला हवं."

"त्या कार्डावर जगतात हो त्या. ते गेलं तर..."

"आणि तुम्ही? वाळून काटकी झालाय."

आतून आवाज आला, "कोण आहे? चष्मेवाला का? त्याला म्हणावं, सोंगं पुरे झाली, आता लग्न कर!"

चष्मेवाला हसला, चष्मा पुसला आणि गेला.

सुनेनं दिवसभर शब्द जुळवून बघितले. एकही जुळेना. शेवटी ठरवलं, आधी कार्डावरचा जाऊ दे. कार्डावरचा गेला की खरा गेलेला सांगता येईल.

संध्याकाळी पातेल्यावर झाकण, झाकणावर हात.

"आधी कार्ड."

सुनेनं बोट ठेवलं. मृत. ॲपनं कारण विचारलं. तिनं लिहिलं, आग.

कार्ड मिटलं आणि त्याच्या जागी जुन्या नोंदी पहिल्यापासून उघडल्या. इतके दिवस ती फक्त त्या त्या दिवसाचं कार्ड बघत होती. असं सगळं साठत असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आधी त्याच्या नोंदी, जहाजावरून केलेल्या, आगीच्या आदल्या दिवसापर्यंतच्या. खाली तिच्या स्वतःच्या, झऱ्याच्या, उन्हाच्या, पावाच्या.

मधल्या दोन तिच्या नव्हत्या. दोन्हींपुढे लिहिलं होतं, जुन्या टॅबवरून.

"काय गं, वाचत का नाहीस?" सासूबाईंनी विचारलं. हात झाकणावरच होता.

पहिली नोंद आगीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची. मृत. कारण: माझी जीभ.

दुसरी त्यानंतर आठ दिवसांनी, सासूबाई घरी आल्या त्या सकाळची. जिवंत. कारण: सून जेवत नाही.