अक्षर हलवण्याबाबत

दादा मंगळवारी गेला. रविवारी आम्ही नेहमीसारखे फासे मांडून बसलो, जणू तो खाली गाडी लावायला जागा शोधतोय. खेळातल्या त्याच्या योद्ध्याच्या चिलखतावर एक जादूचं अक्षर कोरलेलं होतं. ते अंगावर असलं की मेलेला माणूस एकदा परत उठतो. "मंतरलेली अंगठी तुटली की जादू संपली," तो आम्हाला सुनवायचा. "अक्षर दुसऱ्या वस्तूवर हलवता येतं, गधड्यांनो!"

कधीही न खेळलेली वहिनी त्याच्या खुर्चीत येऊन बसली.

"भावजी, अक्षर हलवायला काय लागतं?"

"एक दिवस. आणि खेळ चालवणाऱ्याची परवानगी. म्हणजे माझी."

तिनं पिशवीतून दादाचा चौकड्यांचा शर्ट काढला, इस्त्री केलेला. मग योद्ध्याच्या कागदाखाली लिहिलं: "सदर अक्षर चिलखतावरून सोबतच्या शर्टावर हलवण्यास तातडीने परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."