पाचव्या पुस्तकाखालच्या ओळी

कल्पना करा, बाळांनो, रविवारची दुपार आहे. तुमच्यापुढे वही उघडी आहे, चार पुस्तकांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून झाली आहेत आणि पाचव्या नावाखाली तुमचा टाक थांबला आहे. मढच्या मथुराचा तसाच थांबला होता.

तिला कॉलेजात जाऊन आठ महिने झाले होते. कोळीवाड्यातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच मुलगी. सकाळी होडीनं खाडी ओलांडायची, अंधेरीपर्यंत चालत जायचं आणि शेवटच्या बाकावर एकटीनं बसायचं. वर्गातल्या मुली वाईट नव्हत्या. फक्त तिच्या बाकावर जागा असली तरी त्या दुसरीकडे दाटीवाटीनं बसत. घरी यावं, तर शेजारच्या पोरी म्हणत, आल्या बाईसाहेब, आता आपल्याशी कशाला बोलतील. असं म्हणून त्या निघून जात आणि बोलायचं राहूनच जाई.

सरांनी निबंध दिला होता. एक मत घ्यायचं आणि ते पटवून द्यायचं. शेवटी आधाराच्या पुस्तकांची यादी, आणि प्रत्येक नावाखाली चार-पाच ओळी: लिहिणाऱ्याला हे कळलं कुठून, आणि आपण त्याच्यावर विश्वास का ठेवावा किंवा का ठेवू नये. सर्वांत चांगला निबंध सर वर्गापुढे वाचून दाखवणार होते आणि मग तो ग्रंथालयात ठेवणार होते. हजेरीपलीकडे मथुराचा आवाज वर्गानं अजून ऐकलाच नव्हता. तिनं मत घेतलं होतं, मढला इंजिनाच्या होड्या मिळाल्या पाहिजेत.

पाचवं पुस्तक आडवं आलं. किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या एका सरकारी समितीचा तो अहवाल होता. मढसमोर मासळी नाही, तिथे इंजिनं देणं व्यर्थ, असं त्यात छापलं होतं. आधारही चोख दिसत होता. समितीचे साहेब स्वतः समुद्रात गेले होते. गावच्या एका जाणत्या, सचोटीच्या तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, दाखवलेल्या जागी त्यांनी तीन दिवस जाळी टाकली होती. हाती आले चार खेकडे.

तिचा आजा, हरेश्वर, ओटीवर फाटलं जाळं सांधत बसला होता. मथुरानं त्याला ते पान वाचून दाखवलं. आजा हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला. अहवालातला तो तांडेल म्हणजे आजाच होता. मासळीची खरी जागा परक्याला सांगायची नाही, ही तर किनाऱ्यावरची रीतच. सख्ख्या भावाला सांगत नाहीत, तिथे साहेबाला कोण सांगणार? त्यानं मासळी नसलेल्या खडकाळीकडे बोट दाखवलं होतं, आणि वर साहेबांना चहाही पाजला होता.

मथुरा हसली नाही. त्या चार खेकड्यांपायी गावाला इंजिन मिळणार नाही, एवढंच तिनं सांगितलं. आजाचा हात जाळ्यावर थांबला.

"मग लिही, म्हातारा खोटं बोलला," तो म्हणाला. "माझं नाव घालून लिही."

"आणि खरी जागा कुठली, असं सरांनी विचारलं तर? होडीत बसणाऱ्यालाच सांगता तुम्ही लोक. पोरींना नाय."

आजानं वाळूकडे पाहिलं. त्याचा मुलगा, म्हणजे मथुराचा बाप, गोदीत कामाला लागला होता. तेव्हापासून आजाची होडी वाळूत पालथी पडली होती.

"माझ्या होडीत आता हाय तरी कोण, बाय?" तो म्हणाला. "ये, अशी जवळ बस."

आणि त्यानं सांगितलं. कुठला डोंगर कुठल्या माडामागे झाकला की वल्हं थांबवायचं, पाणी किती वाव खोल लागतं, तळाचा चिखल बोटांना कसा लागतो, ओहोटीला काय बदलतं. हळू आवाजात, एकदाच. त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं तसं.

मथुरा वहीकडे परतली. आता सगळं तिच्या हाती होतं. ते तसंच्या तसं उतरवलं की अहवाल कोसळणार, निबंध पहिला येणार आणि सगळा वर्ग मान वळवून शेवटच्या बाकाकडे बघणार. मग तो कागद ग्रंथालयाच्या कपाटात राहणार, हवं त्यानं वाचावा म्हणून.

तिनं टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं: 'मढची माहिती विश्वासार्ह नाही. ती देणारे माझे आजोबा. त्यांनी समितीला मुद्दाम चुकीची जागा दाखवली. खरी जागा मला माहीत आहे. ती मी इथे देत नाही, त्यामुळे माझी बाजू लंगडी पडते, हे मला मान्य आहे.'

मग तिनं वही मिटून दूर सारली, जाळ्याचं दुसरं टोक आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि डोळे मिटून, पहिल्या डोंगरापासून, सगळं आजाला पाठ म्हणून दाखवू लागली.