बाळाचा चेहरा
तिची मुलगी जन्मली आणि त्याच दिवशी गेली. फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. वर्षभरात तो इवलासा चेहरा आठवणीतून पुसट होऊ लागला, तशी ती घाबरली आणि चित्रकलेच्या क्लासला जाऊ लागली. पण तिथल्या बाईंनी तिला गोल, ठोकळे आणि वाटीची सावली एवढंच काढायला लावलं. “मला फक्त एक चेहरा काढायचाय हो,” ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. “डोकं म्हणजे आधी एक गोलच असतो,” बाई म्हणाल्या. “तो जमला की चेहरा बसतो.” ती रोज हात बसवत राहिली. बोटं काळी झाली, रद्दीचा ढीग वाढला. अखेर एका रविवारी तिची लेक कागदावर उतरली, दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेली. तिनं चित्र नवऱ्यापुढे ठेवलं. एरवी बाळाचा विषय निघाला की तो उठून जायचा. आज बसून राहिला. “डोळे मिटलेले काढलेस,” तो म्हणाला. “मी पाहिलं तेव्हा मिटलेलेच होते ना.” “तू शुद्धीवर यायच्या आधी उघडले होते तिनं. माझ्याकडे टकामका बघत होती.” इतके दिवस हे तो एकटाच उराशी धरून बसला होता. तिनं कोरा कागद पुढे ओढला. “सांग मला, कसे होते?” त्यानं सांगायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि त्याला जवळ घेतलं.