भंडाऱ्याची ताटली

“मेलेल्या मेंढीला कुणी हात लावला, कुणी मटण खाल्लं, तेवढं सांगा. त्यांना आजच गोळ्या सुरू करायच्यात,” नर्सबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“ती आम्ही चुना टाकून पुरली,” चुलते म्हणाले. “धडधाकट माणसाला गोळ्या कशापायी चारताय?”

माझ्या वडिलांना, आबांना, जनावरांपासून लागणाऱ्या काळपुळीने नेऊन आठ दिवस झाले होते. मेंढी कापलीच नव्हती, तर त्यांच्या हाताला पुळी आली कशी? माझा संशय चुलत्यांवरच होता.

मी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची ताटली आणून मधोमध ठेवली. “ज्याने मेंढी कापली नाही, खाल्ली नाही, त्याने बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यावी.”

“शिकलीस ती आम्हाला देवापुढं उभं करायला?” चुलते खेकसले. पण ताटलीपर्यंत गेलेला त्यांचा हात मागे आला. जमलेल्या भावकीतलं दुसरं कुणीही पुढे झालं नाही.

मग आई उठली. मेंढी पुरली, असं मला रोज सांगणारी आई नर्सबाईंसमोर बसली आणि तिने बाही वर सारली. कोपराजवळ काळा व्रण होता.

“दुखत न्हाई, म्हणून गप बसले. मटण मीच चिरलं. वाटे कुणाकुणाच्या घरी गेले, ते लिहून घ्या.”