पुस्तकातली किंमत

“सहा हजार,” नाण्यांचा व्यापारी म्हणाला आणि डबी काउंटरवरून परत सरकवली.

मास्तरांनी किमतींचं जाडजूड पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं. दीपगृहाचं चित्र असलेलं चांदीचं नाणं, दर्जा सत्तरपैकी सत्तर, किंमत ब्याऐंशी हजार. व्यापाऱ्याने पुस्तकाकडे पाहिलंही नाही. रोज कुणीतरी हेच पुस्तक घेऊन येतं, असं तो जांभई देत म्हणाला. पुस्तक विकायचं असेल तर त्याचे दोनशे मिळतील.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. दुसऱ्याच्या शाळेत, दुसऱ्याच्या गाडीत, शिकाऊंच्या शेजारी बसून जादाचा ब्रेक दाबायचा, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्यात उजवा गुडघा गेला होता. आता दोन ब्रेकची एक जुनी गाडी विकायला निघाली होती. पंचाहत्तर हजारांना. मालक संध्याकाळपर्यंत थांबणार होता, मग दुसरं गिऱ्हाईक. गाडी मिळाली तर स्वतःची शाळा. नाही मिळाली तर उरलेला गुडघा.

हे सगळं काल त्यांनी बायकोला सांगितलं होतं. घरात एक नाणं आहे आणि ते विकून गाडी येईल, हेही कालच सांगितलं होतं. नाणं मात्र तिने आत्ता, काउंटरवर, पहिल्यांदा पाहिलं. पाहिल्यापासून तिची नजर डबीवरून हलत नव्हती.

व्यापाऱ्याने खालचा खण ओढला. आत डब्याच डब्या. सगळ्यांत दीपगृह, सगळी सत्तरपैकी सत्तर. नवी नाणी टांकसाळीतूनच चकचकीत निघतात, त्याने समजावलं. लोक ती तपासायला पाठवतात, दर्जा लावून डबीत सीलबंद करून घेतात. सुरुवातीला असली तीनच होती, आता हजारो झालीत. काउंटरवर सहाला विकली जातात, पण ते पुस्तकवाल्यांना कोण कळवणार? सहाला विकणारा तोंड उघडत नाही आणि घेणारा ब्याऐंशीची वस्तू सहाला मिळाली म्हणून घरी जाऊन नाचतो. पुस्तकवाल्यांना या नाण्याचा एकच जाहीर लिलाव माहीत होता. तोच आकडा ते दरवर्षी छापत होते.

“कुणीतरी तेव्हा ब्याऐंशी मोजले,” व्यापारी म्हणाला. “देव त्याचं भलं करो.”

“मीच मोजले,” मास्तर म्हणाले.

व्यापाऱ्याने पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली. पुस्तकातली किंमत स्वतः चालत दुकानात आलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. इंटरनेटवरचा लिलाव होता. त्यांच्या नाण्यांच्या संचात तेवढी एकच जागा रिकामी होती. घरात कळू नये म्हणून ते बाथरूमचं दार लावून, नळ सोडून बसले होते. बोली चार हजारांपासून सुरू झाली, आणि समोर कुणीतरी एक होता. मास्तर पाच म्हणाले की तो सहा. मास्तर पन्नास म्हणाले की तो एक्कावन्न. बादली भरून वाहत होती, पण तो नालायक हटायला तयार नव्हता.

“नालायक कशावरून?” बायकोने विचारलं.

मास्तर म्हणाले, तू मधे बोलू नकोस. एवढे पैसे आले कुठून, हे तिने विचारलं नाही, याचं त्यांना बरं वाटलं. एरवी ती रिक्षाच्या सुट्ट्या पैशांचाही हिशेब मागत असे.

मग मास्तर एकदम ताठ झाले. तो नालायक एक्क्याऐंशीपर्यंत आला होता. म्हणजे त्याला हे नाणं एक्क्याऐंशीला हवं होतं, आणि त्याला ते मिळालेलं नाही. त्याच्या संचात अजून भोक आहे. त्याला हेच विकायचं. हवं तर पाच हजार कमी घेऊ.

व्यापाऱ्याने खणातल्या डब्यांकडे पाहिलं. त्या माणसाने पुस्तकाखेरीज काही वाचलं नसेल, तर जमेलही, तो पुटपुटला. या नाण्याचा बाजार म्हणजे जगात तो एकटा. लिलाववाल्यांकडचा कारकून त्याच्या ओळखीचा होता. त्याने फोन लावला. नाव सांगता येणार नाही, पण नंबर नोंदलेला आहे, मीच विचारून बघतो, असं कारकून म्हणाला. आत्ताच लावतो.

दुकानात तिघेही बसून राहिले. मास्तरांनी गुडघ्यावरचा हात काढला. गाडीला पाटी कुठल्या रंगाची लावायची, असं त्यांनी बायकोला विचारलं. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

पर्समध्ये फोन वाजू लागला.

“बंद कर तो,” मास्तर म्हणाले. “महत्त्वाच्या फोनची वाट बघतोय आपण.”

तिने फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. मग थकल्या आवाजात म्हणाली, “हो, मीच होते. पण आता नको. ज्यांच्यासाठी घेत होते ना, त्यांनीच घेतलं ते.”